मधली अठ्ठावीस मिनिटं

लालबाग,
११ जानेवारी २०२५

ऋग्वेदा,

तुझ्या प्रकाशकांचं पाकीट मिळालं. तुझ्या कादंबरीतली पानं १०९ ते ११६ पदवीच्या पहिल्या वर्षाच्या मराठीच्या पाठ्यपुस्तकात घ्यायची आहेत. अर्पणपत्रिकेत 'शांतामावशी आणि दर्शना यांना' असं छापलेलं असल्यामुळे आम्हा मायलेकींची लेखी संमती हवी, असं त्यांच्या वकिलाचं म्हणणं. मुदत २८ फेब्रुवारी. सोबत दोन कोरे फॉर्म आणि तुझी चिठ्ठी, 'तुला आनंद होईल अशी आशा आहे.' दोन वर्षांनी एवढंच.

मी मेसेज न करता कागदावर लिहिते आहे, कारण मेसेज पुसता येतो. या पत्राची प्रत माझ्याकडे आहे.

परळच्या रुग्णालयात माझं काम काय असतं ते तुला माहीत आहे. औषध सोडणारे पंप, मॉनिटर, जे काही आकडा दाखवतं, तो आकडा खरा आहे का हे बघायचं आणि खाली सही करायची. न तपासता मी कशाखालीच सही करत नाही. म्हणून ती आठ पानं काल पुन्हा वाचली.

मुलीचं नाव तू कावेरी ठेवलंस. बाकी सगळं आमचं. यल्लापूरकडच्या जंगलातलं सिद्दी गाव, तिथून मुंबईत घरकामाला आलेली आई, लालबागच्या मालवणी गिरणी कामगाराच्या मुलाशी तिचं लग्न, माझे केस, माझा रंग. मग चाळीच्या गणपतीतलं नाटक. कावेरी राक्षस झाली आहे, संवाद विसरते, आणि मंडळाचा कार्यवाह तात्या सगळ्यांदेखत 'हबशाची अवलाद' म्हणत तिला लाथ मारून स्टेजवरून खाली पाडतो. कपाळ फुटतं. आई त्याचे पाय धरते. घरी आल्यावर कावेरी मोरीत बसून टाचा घासायच्या वजरीने हात घासते, रंग निघावा म्हणून, रक्त येईपर्यंत.

मला कुणी लाथ मारलेली नाही. आईने कुणाचे पाय धरलेले नाहीत. वजरीचंही काही झालेलं नाही.

त्या वर्षांत आमच्या मंडळाचे कार्यवाह एकच होते, बुधाजीकाका. आता ते एक्याऐंशीचे आहेत. चाळीत तुझं पुस्तक किती जणांनी वाचलं कुणास ठाऊक, पण तात्या म्हणजे बुधाजीकाका हे न वाचलेल्यांनाही माहीत आहे. संध्याकाळी ते खाली बाकावर पेपर घेऊन बसायचे. आता बसत नाहीत. त्यांची नात श्रेया जूनमध्ये पदवीच्या पहिल्या वर्षाला जाईल. तात्याच्या स्वभावातल्या क्रौर्यावर तिला दहा मार्कांचं उत्तर लिहावं लागेल.

चाळ काही साधूसंतांची नव्हती. मुलं मला 'वेस्ट इंडीज' म्हणायची, बायका आईला विचारायच्या की पोरीचं पुढे कसं होणार. पण बुधाजीकाकांनी मला नाटकात एकदाच घेतलं होतं, तेही सूत्रधार म्हणून. माझा आवाज मागच्या रांगेपर्यंत पोचायचा.

मला एवढंच कळव, लाथ कुठून आणलीस?

दर्शना

लालबाग,
१९ जानेवारी

ऋग्वेदा,

तुझी मेल वाचली. तात्या हा 'प्रातिनिधिक' आहे. कादंबरी म्हणजे पंचनामा नव्हे. तू हे आमच्यासाठी लिहिलंस, आमच्यासारख्यांना मराठीत जागाच नव्हती, ती तू केलीस. हे सगळं तू याआधी मुलाखतींमध्येही म्हणाली आहेस, जवळजवळ याच शब्दांत. 'आमच्यासारख्यांना' हा शब्द मात्र माझ्यासाठी नवा होता. आपण शाळेत एका बाकावर बसायचो तेव्हा तो नव्हता.

तुझी शेवटची ओळ मी तीनदा वाचली. 'वजरी मी मनाने लिहिलेली नाही, आणि हे तुलाही माहीत आहे.'

ठीक आहे. पहिल्या पत्रात मी खोटं लिहिलं. वजरी खरी आहे. २००६, मी अकरा वर्षांची. मोरीचं दार मी आतून लावलं होतं, आईने ते बाहेरून ढकलून उघडलं. बाबा कामावर होते. त्या खोलीत तिसरं माणूस नव्हतं, आणि मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. तुला तर नाहीच.

म्हणजे तुला कुणीतरी सांगितलं. मला दोनच शक्यता दिसतात. एकतर माझी जुनी वही तुझ्या हाती लागली. दुसरी मला लिहावीशी वाटत नाही.

आणखी एक गोष्ट. पुस्तक आल्यापासून रुग्णालयात माझ्याशी फार सांभाळून बोलतात. पूर्वी गेटवरचा नवा वॉचमन म्हणायचा, 'मॅडम, फॉरेनर का काउंटर उधर,' आणि मी म्हणायचे, 'मी हयचीच आसंय, तू खयचो?' तो बिचारा सिंधुदुर्गातला निघाला तर दोघं हसायचो. आता एक सीनियर नर्स माझा हात हातात घेऊन म्हणाली, तुम्ही किती सोसलंत. मी त्या वेळी पंपाचं रीडिंग घेत होते. ते चुकलं, परत घ्यावं लागलं.

हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. मला वेगळीच शंका आहे. मागच्या महिन्यात बुधाजीकाका जिन्यात समोर आले आणि मी एक पायरी मागे सरले. ज्या माणसाने मला कधी हातही लावला नाही, त्याला बघून. आता मोरीतला तो दिवस आठवला की मला तुझंच वाक्य ऐकू येतं, रंग निघावा म्हणून. मी तेव्हा हाच विचार करत होते का? मला आता खात्रीने सांगता येत नाही. दोन वर्षांपूर्वी सांगता आलं असतं, असं वाटतं. त्याचीही खात्री नाही.

दर्शना

लालबाग,
२ फेब्रुवारी

ऋग्वेदा,

वही माळ्यावरच्या ट्रंकेत होती. सुतळीची गाठ माझीच, जशी मी बांधली होती तशी. म्हणून आईला विचारलं. ती बोंबील साफ करत होती, मान वर केली नाही.

"तिका मोरीतला कोणी सांगल्यान?"

"मीच सांगलंय."

असं, जसं काही मी दुधाचं विचारलं. २०२२ च्या जानेवारीपासून आठ बुधवार तू आमच्या घरी येत होतीस. बुधवारी माझी दुपारची पाळी असते हे तुला तिनेच सांगितलं. तू येताना खारी घेऊन यायचीस, ती तुम्हा दोघींत संपायची नाही, डब्यात राहायची, आणि मी रात्री घरी येऊन ती खायचे. तीन महिने मी तुझी खारी खाल्ली आणि मला कळलं नाही. आई म्हणायची कोपऱ्यावरच्या बेकरीतली आहे.

मी चिडले. मी म्हटलं, माझ्या परवानगीशिवाय माझं आयुष्य दुसऱ्याला द्यायचा तुला काय अधिकार. ती तेव्हा मान वर करून म्हणाली:

"तुझा खयचा? माझा सांगलंय मी. ती इली, बसली, इचारल्यान. तू कधी इचारलंस?"

नव्हतं विचारलं. मला आईच्या गावाच्या नदीचं नाव तुझ्या पुस्तकातून कळलं.

तिला सही करायची आहे. तुझं पुस्तक तिने अर्पणपत्रिकेच्या पानाला खूण घालून देव्हाऱ्याशेजारी ठेवलं आहे. आतलं वाचलेलं नाही, तिला छापलेलं वाचायला वेळ लागतो. 'कॉलेजातली पोरां माझा वाचतली,' असं ती खालच्या राधाबाईंना सांगून आली आहे. मी तिला ती आठ पानं वाचून दाखवली. तात्याच्या लाथेपाशी तिने मला थांबवलं आणि विचारलं, ह्यो कोण? मी म्हटलं, बुधाजीकाका असं लोक म्हणतात. तिने बोंबलाच्या भांड्यातून हात काढून पदराला पुसले. मग म्हणाली, मी तिला असं काही सांगितलेलं नाही. मी गिरगावच्या, तिच्या घरच्या अण्णांचं सांगितलं.

मी विचारलं, पूर्ण सांगितलंस?

"सगळा. तेव्हा तिना मशीन बंद केल्यान."

ऋग्वेदा, आईची स्मरणशक्ती चांगली आहे, पण मी तिच्या शब्दावर हे तुझ्यावर ठेवणार नाही. ती ध्वनिमुद्रणं तुझ्याकडे असतील. आवाज तिचा आहे. तिने मागितली आहेत असं समज आणि पाठव, न कापता.

दर्शना

लालबाग,
९ फेब्रुवारी

ऋग्वेदा,

फाइली मिळाल्या. तू त्या लगेच पाठवल्यास याची मी नोंद करते. एकतर तुला त्यात काही लपवण्यासारखं वाटलं नाही, किंवा मी सगळ्या ऐकणार नाही असं वाटलं. साडेनऊ तास आहेत. मी सगळ्या ऐकल्या.

चौथ्या बुधवारी आई मोरीचं सांगते. शब्द असे आहेत: 'एकच खांदो घासत होती, डावो. मी वजरी ओढून घेतलंय.' खांदा. तुझ्या पुस्तकात हात झाले. दोन्ही, कोपरापासून मनगटापर्यंत. मी फाइल थांबवली आणि शर्टाची बाही वर करून आरशात पाहिलं. डाव्या खांद्यावर मागच्या बाजूला खरवडल्याची फिकट खूण आहे. हातांवर काही नाही. एकोणतीस वर्षं मी या अंगात राहते आणि मला फाइल ऐकून आरशात बघावं लागलं.

पाचवी फाइल २३ फेब्रुवारी २०२२ ची, दुपारी तीन वाजून सात मिनिटांनी सुरू होते. एकेचाळीस मिनिटांनी आई म्हणते, 'त्या वर्साक कारीट गावला नाय, तेव्हा अण्णांनी...' आणि फाइल संपते. सहावी त्याच दिवशी चार सोळाला सुरू होते. मध्ये अठ्ठावीस मिनिटं नाहीत. सहावीतला पहिला आवाज पेला ठेवल्याचा. दुसरा तुझा: "मावशी, आपण आता लालबागचं बोलूया का?"

त्या अठ्ठावीस मिनिटांत आईने काय सांगितलं ते तुला माहीत आहे. तरी लिहिते, कारण ते कुठेच लिहिलेलं नाही.

गिरगावात तुमच्या इमारतीच्या चौकात नरक चतुर्दशीला सकाळी नाटक व्हायचं. अण्णा बसवायचे. मी सहाव्या वर्षापासून नरकासुर. मला विग लागत नाही, काजळही थोडंच लागतं, असं अण्णा कौतुकाने सांगायचे. मला ते काम आवडायचं. तू सत्यभामा व्हायचीस आणि तुझा आवाज कुणाला ऐकू यायचा नाही. माझ्या गर्जनेला टाळ्या पडायच्या. नाटक झालं की सगळे तुळशीपाशी जायचे आणि डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट फोडायचे. ते कडू फळ म्हणजे नरकासुर. मग फराळ. आई तुमच्याकडे घरकामाला, म्हणून कारिटं आणायचं कामही तिचंच. दादरच्या बाजारातून ती आदल्या दिवशी टोपलीभर आणायची.

त्या वर्षी तिला मिळाली नाहीत. मिळतील म्हणून ती उशिरा गेली आणि संपली होती. तुळशीपाशी वीसेक माणसं उभी. आई गरम पाण्याचा हंडा घेऊन दाराशी. अण्णा हसत म्हणाले, "कारिटासाठी कशाला अडायचं? आपला नरकासुर इथेच आहे की." आणि मला म्हणाले, "दर्शना, बाळ, जरा आडवी हो."

मी झाले. मला वाटलं नाटकच चालू आहे.

ते एकेक करून आले आणि माझ्या डाव्या खांद्याला अंगठा लावून गेले. कुणी जोरात दाबलं नाही. हे मी मुद्दाम लिहिते. कुणी शिवी दिली नाही, कुणाचं कपाळ फुटलं नाही. एका काकूंनी अंगठा लावायच्या आधी 'सॉरी हं' म्हटलं. सगळे हसत होते, छान हसत होते, सणासारखं. तुझी पाळी सहावी होती. तू थांबलीस, अण्णांकडे पाहिलंस, मग लावलास. माझ्या मते चौदा जणांनी लावला, पंधरावा अण्णांचा स्वतःचा.

मग मला सगळ्यांच्या आधी करंजी दिली.

आता वजरीचं. मला रंग काढायचा नव्हता. मला अंगठे काढायचे होते.

तुझ्या पुस्तकाने मला जे दिलं ते हे आहे, ऋग्वेदा. ज्या मुलीला स्वतःच्या अंगावरून तुमचे पाय पुसायचे होते, तिला तू स्वतःची कातडी नकोशी झालेली मुलगी केलंस. आणि ते इतकं चांगलं लिहिलंस की दोन वर्षं माझाही त्यावर विश्वास बसला होता.

लाथ कुठून आली ते आता मला कळलं. तुला अंगठा लिहायचा नव्हता. तो तुमच्या घरातला होता. लाथ लालबागमध्ये शोभून दिसते, वाचणाऱ्या कुणालाच ती आपल्या घरातली वाटत नाही.

दर्शना

लालबाग,
१६ फेब्रुवारी

ऋग्वेदा,

फोन घेतला नाही, घेणार नाही. तुझी मेल मात्र नीट वाचली.

अण्णा एकोणऐंशीचे आहेत, दोन स्टेंट आहेत, त्यांना हे झेपणार नाही. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. ते माझ्या इंजिनीअरिंगच्या प्रवेशाला स्वतः आले होते. सगळं मान्य. मनात वाईट नव्हतं यावर मी तर कधी शंकाही घेतली नाही. तेच तर लिहायला अवघड होतं आणि तेच तू सोडलंस.

बुधाजीकाकाही एक्याऐंशीचे आहेत. त्यांना झेपेल का, असं तू पुस्तक लिहिताना कुणाला विचारलंस?

तू सुचवतेस की अर्पणपत्रिकेतून आमची नावं काढू, म्हणजे संमतीचा प्रश्नच उरणार नाही. किंवा 'तात्या' बदलून दुसरं नाव घालू. काल संध्याकाळी श्रेया आमच्याकडे आली होती. दारातच उभी राहिली, आत ये म्हटलं तरी नाही. म्हणाली, "ताई, एकच सांग. आजोबांनी मारलं होतं का तुला?" मी नाही म्हटलं. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी शेजारधर्म म्हणून खोटं बोलते आहे. म्हणाली, "पुस्तकात तर आहे." आणि गेली.

तिच्यापुढे तू नाव कुठलंही घाल, काय फरक पडतो?

दर्शना

लालबाग,
२३ फेब्रुवारी

ऋग्वेदा,

हे शेवटचं. मी माझी नकाराची सही करून ठेवली होती. आई आडवी आली.

मला वाटलं तिला पुस्तकात नाव हवं म्हणून. तसं नव्हतं. ती म्हणाली, नाही म्हटलंस तर ती आठ पानं पाठ्यपुस्तकात येणार नाहीत, पण तिच्या पुस्तकात राहतीलच, आणि बुधाजी मरेपर्यंत जिन्यात खाली मान घालून फिरेल. मला सांगू दे. तू लिही.

म्हणून काल दुपारी ती बोलली आणि मी लिहिलं. भाषा तिचीच ठेवली आहे. सोबत तीन पानं जोडली आहेत. त्यात अंगठे आहेत, अण्णांचं वाक्य आहे, तू थांबली होतीस हेही आहे. ते तिला दाराशी उभी असताना दिसलं होतं आणि ते घालायचंच असा तिचा आग्रह. एक गोष्ट मला काल पहिल्यांदा कळली. मी तिला विचारलं, तू हंडा खाली ठेवून मला उचललं का नाहीस? मी हा प्रश्न अठरा वर्षं विचारला नव्हता. मला वाटायचं उत्तर माहीत आहे, नोकरी जाईल म्हणून.

ती म्हणाली, "कारीट मी आणूक नव्हतंय गो. माका वाटला, चूक माझी."

तेही पानांत आहे.

आमची संमती अशी आहे. तुझी आठ पानं घ्यायची तर त्यांच्यानंतर लगेच ही तीन घ्यायची, न कापता, शांता गणपत परब या नावाने. पुस्तकाच्या पुढच्या आवृत्तीतही तसंच. तात्याचं नाव बदलायची गरज नाही. मुलांना दोन्ही वाचू दे आणि शिक्षकांना विचारू दे की लाथ कुठून आली. हे जमणार नसेल तर काहीच छापायचं नाही, आणि मी ही पानं आणि पाचवी-सहावी फाइल एकत्र करून बुधाजीकाकांच्या हाती देईन. त्यांचं ते बघतील. तुझ्या वकिलांना कळव. पाच दिवस आहेत.

मी तुला अजूनही ओळखत नाही की काय अशी शंका मला येते. तुला वाईट वाटतंय की भीती वाटतेय, हे तुझ्या मेलवरून मला सांगता येत नाही. पण खरं काय झालं ते लिहिता येणारी आपल्यात तूच होतीस, म्हणून सगळ्यात आधी तुला पाठवते आहे.

तिसऱ्या पानाच्या खाली सही आईची आहे. ती करायला तिला तुझ्या आईने, उर्मिलाकाकूंनी शिकवलं, तुमच्या स्वयंपाकघरात, दुपारची भांडी झाल्यावर, दोन वर्षं रोज. आईने ते पहिल्याच ओळीत सांगितलं. मी ते गाळलेलं नाही.

दर्शना